मालसुनताईचं डुकरगवत

आमच्या उल्लुंग बेटावर डुकरं जे गवत तुटून पडल्यासारखी खातात, त्याला आम्ही सरळ डुकरगवत म्हणतो. शिकलेले लोक त्याला दुसरंच काहीतरी लांबलचक नाव देतात. ते माझ्या जिभेला वळत नाही आणि मला वळवायचंही नाही. खांद्याएवढं उंच वाढतं, वर पांढरी फुलं येतात, देठ कापला की दूध गळतं. ते दूध हाताला लागलं की काळं पडतं आणि कितीही घासा, आठवडाभर निघत नाही. म्हणून कुणाकडे गुरं आहेत ते आमच्याकडे हात बघून कळतं. मालसुनताईचे हात बारा महिने काळे असायचे.

मी खाली बंदरावर माकुलाच्या, त्या दहा पायांच्या मऊ माशाच्या, रश्श्याची खानावळ चालवते. मालसुनताई माझ्याहून मोठी, माझ्या घराच्या वरच्या अंगाला राहते. वरच्या अंगाला म्हणजे अगदी डोक्यावरच. आमच्या बेटावर सपाट जमीन औषधालासुद्धा नाही, सगळा उभा कडा. तिच्या अंगणातून भोपळा सुटला तर थेट माझ्या छपरावर येतो. एकदा आलाही. मी खालून ओरडले, "ताई, छप्पर फोडलंस की गं!" तर वरून उत्तर आलं, "भोपळा फुटला का ते बघ आधी." अशी बाई! माणसांशी बोलायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं, पण गाईंशी तासन्‌तास गप्पा. कोणत्या गाईला कोणती सासू भेटायला हवी होती, इथपर्यंत.

तिचा नवरा चुनबे याच्या नेमका उलट. तोंड म्हणून मिटायचं नाही. तरुणपणी माकुलाच्या होडीवर होता, पण त्याला बोट लागायची. बेटावरचा माणूस आणि बोट लागते! सगळे हसायचे आणि सगळ्यांत मोठ्याने हा हसायचा. शेवटी होडी सोडून त्याने गाई घेतल्या. आमच्या बेटावरच्या गाईंचं मांस महाग जातं, कारण त्या कड्यावरचा औषधी पाला खातात. त्यातला मुख्य पाला म्हणजे हेच डुकरगवत.

गाईची कास सुजली, गुडघा फुगला, की मालसुनताई पाला मुळासकट आणायची, दगडी उखळात कुटायची, फडक्यातून पिळायची आणि मंद आचेवर अर्धं होईपर्यंत उकळायची. गाय दोन दिवसांत उभी. जे गाईला चालतं ते माणसाला का चालू नये? माझा गुडघा तिनेच बरा केला. खोटं कशाला बोलू, बरा झाला. पहिली उकळी आजाऱ्याची. मग त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरी उकळी काढायची, ती करणारीने स्वतः प्यायची. "एकट्याने कडू पिऊ नये," असं ती म्हणायची. माझ्यासमोर बसून तिने तेवढंच तोंड वाकडं करत घोट घेतले होते.

चुनबेचं दुखणं सुरू झालं ते माकुलाच्या दिवसांत, थंडी पडायला लागली तेव्हा. उजव्या बरगडीखाली दुखायचं आणि कळ पाठीत जायची. चारा वर नेणारी रुळावरची गाडी आहे ना आमच्याकडे, तिच्यावर भारा बांधता बांधता तो खाली बसला. मी म्हटलं, "चुनबेदादा, समुद्रापलीकडे पोहांगला जाऊन या एकदा. मोठा दवाखाना आहे, दाखवून या."

"अगं, पोट जेवढं दुखतंय त्याच्यापेक्षा बोटीत जास्त दुखेल," तो म्हणाला. "आतडी बाहेर आली तर तुझ्या रश्श्यात घालशील."

"तुमची कोण खाणार? कडू असतील."

बोटही रोज कुठे मिळते? हिवाळ्यात लाटा उठल्या की चारचार दिवस बंद. आमच्याकडे माणूस मुख्य जमिनीवर कधी जातो, तर राहवत नाही तेव्हाच. दुखणं सहन होईना की जायचं, सहन झालं की राहायचं. हीच रीत, तिला कोणी नाव ठेवत नाही.

मालसुनताईने उखळ काढलं. चार दिवस पहिली उकळी त्याला, दुसरी तिला. पाचव्या दिवशी चुनबे माझ्या खानावळीत येऊन दोन वाट्या रस्सा प्यायला आणि मीठ कमी आहे म्हणून मलाच ऐकवून गेला. ताई दारात उभी होती. तिचा चेहरा असा कधी खुललेला मी बघितला नव्हता. "खातोय," ती म्हणाली. "बरा आहे."

गाईचं आमच्याकडे हेच माप. गव्हाणीत तोंड घालते ना? मग गुरांच्या डॉक्टरला कोणी हाक मारत नाही. चुनबे खात होता, हसत होता, गवत कापत होता. अधूनमधून दुखायला लागलं की ताई उकळी लावायची आणि दुखणं उतरायचं. पुरुषभर बर्फ पडलं त्या वर्षी, बोटी बंद, आणि चुनबे घरात बसून बियांची दारू पीत पत्ते कुटत होता. अख्ख्या बेटाने त्याला बरा म्हटलं असतं.

बर्फ वितळलं तेव्हा त्याचे डोळे पिवळे झाले होते. मग मात्र त्याला बोटीत घातलं. मीही सोबत गेले, कारण ताईला तो दवाखाना, त्या लिफ्टा, काही उमजायचं नाही. डॉक्टर तरुण होता, शांत होता. फोटो बघून त्याने विचारलं, "आजी, इतके महिने यांना दुखत नव्हतं का?"

"दुखत होतं ना," मालसुनताई म्हणाली. ताठ बसून, अगदी अभिमानाने म्हणाली. "मी उतरवायचे."

डॉक्टरने तिच्या काळ्या हातांकडे बघितलं आणि मग पुन्हा फोटोकडे. उशीर झालाय, एवढंच नंतर त्यांच्या मुलाला सांगितलं. उन्हाळा संपायच्या आत चुनबे गेला.

मुलगा तेग्युन उल्सानला कारखान्यात असतो. बापावर जीव होता त्याचा. अंत्यसंस्काराच्या तिसऱ्या दिवशी, माणसं जेवायला बसलेली असताना, तो आईला सगळ्यांदेखत म्हणाला, "तू त्यांना गवताचं पाणी पाजत बसलीस. नुसतं पाणी! हिवाळाभर! आधी आणलं असतंस तर गाठ कापून काढता आली असती, डॉक्टर म्हणाला मला."

मी उठले होते त्याच्या कानाखाली द्यायला. ताईने माझा झगा धरून मला खाली बसवलं. ती एकच म्हणाली, "पाणी नव्हतं ते."

"मग काय होतं?"

औषध होतं म्हणावं, तर माणूस समोर मरून पडलेला.

त्यानंतर तेग्युन दर वर्षी बापाच्या श्राद्धाला यायचा, धूप लावायचा, वाकायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीने परत. आईच्या हातचं सगळं खायचा, फक्त डुकरगवताची कोवळी भाजी बाजूला सारायचा. त्याच्या मुलीला एकदा खोकला झाला तर ताईने वाटी पुढे केली. तेग्युनने ती वाटी पोरीच्या हातातून काढून मोरीत ओतली. भांडण नाही, तंडण नाही, नुसती ओतली. ताई मला म्हणाली, "त्याला वाटतं मी त्याच्या बापाला पाणी पाजून मारलं. कोणीतरी त्याला सांगायला हवं की ते पाणी नव्हतं." त्या बाईने पुढची पाच वर्षं याखेरीज देवाकडे काही मागितलं नसेल.

आणि मग बोमी आली.

बोमी म्हणजे मुख्य जमिनीवरच्या एका विद्यापीठातली पोरगी, पाठीवर पिशवी, पायात डोंगराचे बूट, चेहऱ्यावर बोट लागल्याचा हिरवा रंग. माझ्या खानावळीत येऊन डोकं टेबलावर टेकून बसली. मी गरम पाणी दिलं. शुद्धीवर आल्यावर म्हणते, "मावशी, तुमच्याकडे डुकरगवत कोण वापरतं?"

"डुकरं," मी म्हटलं.

ती हसली, पण वही काही मिटेना. आमच्या बेटावरच्या झाडपाल्यात खरंच काही दम आहे का, हे तपासायला सरकारने तिच्या लोकांना काम दिलं होतं. मी तिला वरचं घर दाखवलं. आता वाटतं, दाखवलं नसतं तर कुणीतरी दुसऱ्याने दाखवलं असतंच. बेट केवढं ते.

मालसुनताई आधी गोठ्यातून बाहेरच येईना. बोमी बाहेर उभी राहून ओरडली, "आजी, मला तुमच्या गवताची परीक्षा घ्यायची आहे!"

आतून आवाज आला, "नापास झालं तर?"

"तर तसं लिहीन."

"आणि पास झालं तर?"

"तरी तसंच लिहीन."

ताई बाहेर आली. तिने पोरीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तू डॉक्टर आहेस?"

"आहे, पण माणसांची नाही आजी. गवताची."

"मग चालेल," ताई म्हणाली. "माणसांचे बघून झाले."

त्या दिवशी अंगणात बसून बोमीने सगळं समजावून सांगितलं. लोखंडाला गंज चढतो तसा माणसालाही आतून चढतो. पाला तो गंज रोखतो का, हे एक बघायचं. आणि सूज उतरवतो का, हे दुसरं. ताईचं पहिल्या गोष्टीकडे लक्षच नव्हतं. "सूज," ती म्हणाली. "सूज बघ तू. पाणी आहे की औषध, तेवढं मला कागदावर लिहून दे. माझ्या मुलाला वाचता येतं."

पहिल्या खेपेचा पाला ताईनेच वाळवून पाठवायचा ठरला. सावलीत वाळवा, एवढंच बोमीने सांगितलं होतं. आता आमच्या बेटावर वाळवायचं म्हणजे कुठे? माकुल वाळतात त्याच छपराखाली, त्याच काठ्यांवर. आमचे टॉवेलसुद्धा तिथेच वाळतात. ताईने पाला नीट जुड्या बांधून माकुलांच्या मधेमधे टांगला आणि खोक्यात भरून पाठवला. पंधरवड्याने बोमीचा फोन. "आजी, आमची अख्खी प्रयोगशाळा घमघमतेय! सर विचारतायत, गवत तपासायचंय की जेवायला बसायचंय?"

"भाजून बिअरबरोबर खा म्हणावं," मी फोन ओढून म्हटलं.

ताईला मात्र हसू आलं नाही. ती घाबरली. म्हणाली, "माझ्यामुळे नापास नाही ना होणार ते?" दुसऱ्या खेपेला बोमी स्वतः आली, दोघी मिळून कड्यावर गेल्या आणि पोरीचे हातही कोपरापर्यंत काळे करून आणले. ताईने तिला उखळात कुटायला शिकवलं, उकळी कशी लावायची ते दाखवलं. बोमी पहिली उकळी बाटलीत भरायची आणि दुसरी उकळी दोघी बसून प्यायच्या. मी खालून बघायचे. वर्षानुवर्षं ज्या अंगणातून फक्त गाईंशी बोलणं ऐकू यायचं, तिथून आता हसण्याचा आवाज यायचा. मला बरं वाटायचं, खरंच.

निकालाला दीड वर्ष लागलं. या उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावच्या सभागृहात बोमी सगळं सांगायला येणार म्हणून मंडळाने जेवण ठेवलं. गावप्रमुखाने छातीवर फूल लावलं होतं, जणू काही गवत त्यानेच लावलं होतं. ताईने तेग्युनला फोन केला होता, ये म्हणून. त्याने सुट्टी मिळत नाही म्हटलं. ती पहिल्या रांगेत बसली, नवी चोळी घालून, हात मांडीवर ठेवून. हात त्या दिवशी तिने खूप घासले होते.

बोमीने एका काचेच्या नळीत गडद जांभळं पाणी घेतलं. "हे गंज चढवणारं पाणी समजा," ती म्हणाली, आणि त्यात डुकरगवताच्या अर्काचे थेंब टाकले. जांभळा रंग फिका होत होत पिवळा झाला. अख्खं सभागृह "ओऽऽ" करून उठलं. मी ताईकडे बघितलं. ती त्या पिवळ्या नळीकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मग बोमीने सुजेचं सांगितलं. बशीत उंदराच्या जिवंत पेशी ठेवतात. त्यांना चिडवायचं औषध घालतात, म्हणजे सूज आणतात. मग अर्क घालतात. "जेवढा अर्क जास्त, तेवढी सूज कमी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आनंदाने कापत होता. "एवढा जोर निघेल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. आजी, पास झालं तुमचं गवत. पहिल्या नंबराने!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत. गावप्रमुख ओरडला, "आजपासून डुकरांना बंद!" लोक हसले. मला वाटलं, ताई आता रडेल, आनंदाने. ती उठून उभी राहिली. सभागृहात तोंड उघडायची तिची आयुष्यातली पहिलीच वेळ.

"पोरी," ती म्हणाली, "सूज उतरली म्हणजे आजार गेला का?"

"नाही आजी, त्या दोन वेगळ्या गोष्टी. आम्ही त्या पेशींना आजार दिलाच नव्हता. नुसती सूज दिली होती."

"आणि सूज उतरली की दुखणं?"

"ते कमी होतं. बहुतेक वेळा कमीच होतं."

"आजार आत असला तरी?"

बोमीला अजूनही काही उमगलं नव्हतं. तिला काय ठाऊक? ती पोरगी हसतच म्हणाली, "हो, आजार आत असला तरी."

ताई खाली बसली. जेवण आलं, तिने जेवणही केलं, ताटातलं सगळं संपवलं. आमच्या पिढीला ताटात टाकता येत नाही. पण मी शेजारी होते. घास चावायचा असतो हेच ती विसरली होती, नुसती गिळत होती.

मला कळायला वेळ लागला. मी ढ आहे अशा बाबतीत. घरी जाताना चढावर तिचा हात धरून म्हटलं, "ताई, आता तरी खूश हो! पाणी नव्हतं हे लिहून आलं ना? तेग्युनच्या तोंडावर मार तो कागद."

ती थांबली. समुद्राकडे तोंड करून म्हणाली, "पाणी निघालं असतं तर बरं झालं असतं गं."

"असं काय बोलतेस?"

"पाणी असतं तर तो ओरडला असता. रात्रंदिवस ओरडला असता. त्या बर्फातसुद्धा मी बोट शोधली असती, तटरक्षकांच्या पाया पडले असते. तो ओरडला नाही. मी ओरडू दिलं नाही. तो डॉक्टर विचारत होता ना, दुखत नव्हतं का? आणि मी काय म्हटलं? मी उतरवायचे म्हटलं. तोंड वर करून म्हटलं."

मग मी रस्त्यातच खाली बसून रडले आणि तीच मला उठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारची बोट होती. बोमी माझ्या खानावळीत निरोप घ्यायला आली तेव्हा मीच तिला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं की हवं होतं, कुणास ठाऊक. पण पोटात राहिलं नाही. ती पांढरीफटक पडली. तेवढ्यात ताई तिच्यासाठी वाळलेल्या माकुलांची जुडी घेऊन आली. बोमीने तिचे दोन्ही हात धरले.

"आजी, ऐका माझं. बशीतल्या उंदराच्या पेशी कुठे आणि माणूस कुठे! फार अंतर आहे. आजोबांच्या बाबतीत असंच झालं असेल, असं यावरून कुणीही म्हणू शकत नाही. काही काही दुखणी आपोआपही थांबतात. तो आजारच तसा असतो."

"काल टाळ्या पडल्या तेव्हा हे अंतर कुठे होतं?" ताईने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

बोमी रडायला लागली. ताईने तिचे डोळे आपल्या बाहीने पुसले आणि म्हणाली, "तू म्हणाली होतीस, पास झालं तरी लिहीन, नापास झालं तरी लिहीन. तू खरं लिहिलंस. तुझ्यावर माझा राग नाही. बोटीत पुढच्या बाजूला बसू नकोस, मधे बस, कमी लागतं." बोट सुटेपर्यंत ती धक्क्यावर उभी होती. पोरगी मागच्या कठड्याशी येऊन वाकून वाकून नमस्कार करत राहिली.

इकडे आमच्या गावप्रमुखाला कुठे राहवतंय? त्याने ज्याला त्याला फोन लावले. तेग्युनलाही लावला. "तुझ्या आईने बेटाचं नाव काढलं! ते गवत अस्सल औषध निघालं, विद्यापीठाने लेखी दिलंय!" मला हे कळलं तेव्हा त्याच्या टाळक्यात पळी घालावीशी वाटली. पण त्याची काय चूक? त्याला काहीच माहीत नव्हतं.

चुनबेच्या श्राद्धाला तेग्युन या वर्षी दोन दिवस आधी आला, एकटाच. पहाटे उठून त्याने बापाचा जुना विळा काढला आणि कड्यावर गेला. भारा घेऊन खाली आला, उखळ धुतलं, कुटायला बसला. लहानपणी बघितलेलं असणारच. ताई दारातून बघत होती. मी विचारलं, "त्याला सांगणार नाहीस?"

"सात वर्षांनी तो माझ्या अंगणात बसलाय," ती म्हणाली. "बसू दे."

संध्याकाळी पूजेचं टेबल मांडलं. हल्ली सगळे संध्याकाळीच उरकतात. भात, रस्सा, वाळवलेला मासा, नासपती, मी तळलेल्या वड्या. आत्म्याला आत येता यावं म्हणून दार उघडं ठेवलं. तेग्युनने धूप लावला, दारूचा पेला धुरावरून फिरवून ठेवला, दोनदा वाकला आणि भातात चमचा खोचला. मग तो आईकडे वळला आणि जमिनीला डोकं टेकून म्हणाला, "आई, माझं चुकलं. ते पाणी नव्हतं. सगळ्यांसमोर मी तुला तसं बोललो. तू बाबांसाठी जे करता येईल ते सगळं केलंस." मोठा बाप्या, पण पोरासारखा हुंदके देत होता. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. याच शब्दांसाठी ती इतकी वर्षं झुरली होती, आणि आता ते आले तर तिला घेता येईनात.

तेग्युन डोळे पुसत स्वयंपाकघरात गेला. दोन्ही हातांत वाटी धरून बाहेर आला. त्याचे हात काळे झाले होते, नखांपर्यंत. वाटीतून वाफ येत होती.

"बाबा, पहिली उकळी," तो म्हणाला, आणि ती वाटी दारूच्या पेल्याशेजारी ठेवली.

मालसुनताई ताडकन उठली. मी तिला धरायला गेले, पण ती टेबलापाशी पोचलीसुद्धा. तिने वाटी उचलली.

"हे नको त्याला."

"आई? अगं, औषध आहे ना ते?"

"औषध आहे म्हणूनच नको." गरम काढा तिच्या बोटांवर सांडत होता, तिला त्याची शुद्ध नव्हती. "दुखू दे त्याला, तेग्युन. या वेळी दुखू दे. दुखलं तर तो सांगेल. दुखलं तर बोटीत बसेल."

तेग्युन आईकडे बघत राहिला. आधी त्याला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं. मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला. डॉक्टर उशीर झाला म्हणाला होता, आई पाणी नव्हतं म्हणाली होती, सगळं एकत्र त्याच्यापर्यंत पोचताना मला दिसलं. त्याने पुढे होऊन तिच्या हातातली वाटी घेतली, खाली ठेवली आणि तिची भाजलेली बोटं पाण्यात धरली.

चुनबेचं जेवण होईपर्यंत पाठ फिरवून थांबायची आमच्यात रीत आहे. आम्ही तिघंही थांबलो. बाहेर गाई हंबरत होत्या, त्यांना त्या दिवशी कुणी चारा घातला नव्हता.